मान बघा, रंग नको: पाळलेल्या प्रार्थनाकीटकाची जात ओळखायची कशी?

एप्रिलमध्ये भाचीनं जर्मनीतल्या लाइपझिगहून एक फोटो पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं: "मामा, हा कोण आहे रे? तीन दिवस झाले, यानं काही खाल्लं नाही."

फोटोत काचेची एक मोठी बरणी होती आणि तिच्या जाळीच्या झाकणाला एक वाळकी काडी उलटी लटकत होती. काडीला चार-पाच ठिकाणी वाळक्या पानाचे तुकडे चिकटल्यासारखे दिसत होते. फोटो मोठा करून बघितल्यावर काडीच्या टोकाला त्रिकोणी डोकं दिसलं आणि त्या डोक्यावर एक टोकदार मुकुट. बरणीच्या तळाशी ओला भुसा पसरलेला, त्यावर दोन रातकिडे फिरत होते. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं गाव सोडताना ही बरणी तिच्या हातात दिली होती. बरणीवर जातीचं नाव लिहिलेली चिठ्ठी होती, पण रोज पाणी फवारून तिची शाई उतरली होती. 'मँटिस', म्हणजे प्रार्थनाकीटक, एवढंच कसंबसं वाचता येत होतं.

आपल्याकडे हा प्रश्न पाऊस ओसरताना येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात व्हरांड्यातल्या दिव्याखाली, खिडकीच्या जाळीवर, तुरीच्या शेतात हात जोडून बसलेला किडा सापडतो, मुलं तो बरणीत ठेवतात आणि घरातलं मोठं माणूस विचारतं, हा कुठला? नेहमीचा हिरवा असेल तर कोणीही सांगतं, प्रार्थनाकीटक, नाहीतर खंडोबाचा किडा. पण कधी गवताच्या पात्यासारखा सडपातळ, कधी झाडाच्या सालीसारखा चपटा, कधी पंखांवर डोळ्यासारखी खूण असलेला सापडतो, आणि मग सगळेच गप्प होतात.

जातीचं नाव शोधणं ही हौस आहे असं पुष्कळांना वाटतं. पण बरणीत कोंडलेल्या जिवाला काय खायला घालायचं, ऊब किती द्यायची, ओल किती ठेवायची, हे सगळं त्या नावावर ठरतं. भाचीच्या बरणीतला किडा उपाशी होता तो नाव पुसलं गेल्यामुळेच.

## मुळात हा प्रार्थनाकीटकच आहे ना?

आधी पुढचे पाय बघा. प्रार्थनाकीटकाच्या पुढच्या पायाची नडगी मांडीवर घडी होऊन बसते, अगदी अडकित्त्यासारखी, आणि दोन्ही पात्यांना काटे असतात. सापडलेली माशी या अडकित्त्यात धरून तो सावकाश खातो. काडीकिडा दिसायला असाच काटकुळा असतो, पण तो पाला खातो आणि त्याला अडकित्ता नसतो. नाकतोड्याचे मागचे पाय उडी मारण्यासाठी जाडजूड असतात, प्रार्थनाकीटकाचे मागचे पाय बारीकच राहतात.

खरी फसगत होते ती मँटिसफ्लाय नावाच्या कीटकाशी. त्यालाही अडकित्ता असतो, डोकंही साधारण तसंच. पण तो सिंहकिड्यांच्या नात्यातला आहे. त्याचे पंख पारदर्शक, जाळीदार, आणि बसताना घराच्या उतरत्या छपरासारखे अंगावर मिटलेले असतात. प्रार्थनाकीटक पंख पाठीवर सपाट ठेवतो.

प्रार्थनाकीटकाचे सगळ्यांत जवळचे नातेवाईक म्हणजे झुरळं आणि वाळवी. हे ऐकून पुष्कळ जण नाक मुरडतात. पण झुरळाची तपकिरी अंड्यांची डबी ज्यांनी कपाटामागे पाहिली आहे, त्यांना प्रार्थनाकीटकाची फांदीला चिकटवलेली, वाळलेल्या फेसासारखी डबी पाहून हे नातं लगेच पटेल.

## नावाची उतरंड

शास्त्रज्ञ सजीवांची वर्गवारी उतरंडीसारखी करतात. मोठं मडकं खाली, लहान त्याच्यावर. प्रार्थनाकीटकांचा सगळा गोतावळा म्हणजे एक गण. त्यात जगभरात २,४०० हून जास्त जाती आहेत आणि भारतात दीडशेहून जास्त. गणाच्या वर कुलं, कुलावर प्रजाती आणि सगळ्यांत वर, सगळ्यांत लहान मडकं, ते म्हणजे जात. शास्त्रीय नावात प्रजाती आधी येते आणि जात नंतर, शाळेच्या हजेरीपटात आडनाव आधी यायचं तसं.

ओळख पटवताना ही उतरंड पायापासून चढायची असते. पुष्कळ जण थेट वरच्या मडक्यावर हात घालतात: फोटो बघायचा, आंतरजालावर तसलाच दिसणारा फोटो शोधायचा आणि त्याचं नाव आपल्या किड्याला चिकटवायचं. इथेच घोटाळा होतो. कुल पक्कं झालं की शेकडो जाती एका फटक्यात बाजूला पडतात, मग उरलेल्या मोजक्यांत शोधणं सोपं.

नावं देणाऱ्यांनाही हे एका दिवसात जमलं नाही. लिनियसनं १७५८ साली वर्गवारी केली तेव्हा रातकिडे, नाकतोडे आणि प्रार्थनाकीटक या सगळ्यांना 'ग्रिलस' या एकाच प्रजातीत बसवलं होतं. आज ते नाव फक्त रातकिड्यांकडे उरलं आहे.

## रंग का नको?

कारण रंग टिकत नाही. हिरोड्युला ही आपल्याकडची मोठी, दणकट प्रजाती. तिच्यातली एकच जात हिरवी असते, पिवळट असते, तपकिरीही असते. आफ्रिका आणि मादागास्करमधला घोस्ट मँटिस, ज्याला परदेशातले हौशी लोक मोठ्या संख्येनं पाळतात, तो हिरव्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत कुठल्याही छटेत आढळतो. एकाच डबीतून निघालेली भावंडं वेगवेगळ्या उजेडात आणि वेगवेगळ्या ओलीत वाढवली तर वेगवेगळ्या रंगांची होतात.

आग्नेय आशियातला ऑर्किड मँटिस याहून पुढचा. अंड्यातून निघालेलं त्याचं पिल्लू तांबडं-काळं असतं. ते दिसतं मुंगीसारखं किंवा चवीला वाईट असलेल्या एखाद्या ढेकणासारखं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. पहिली कात टाकली की तेच पिल्लू पांढरं, गुलाबी फुलासारखं होतं. मादी सहा-सात सेंटीमीटरची, तर नर जेमतेम तिच्या निम्मा. पिल्लू, नर आणि मादी यांचे तीन फोटो शेजारी ठेवले तर अनोळखी माणूस तीन जाती म्हणेल.

डोळ्यांचंही तसंच. दिवसा फिकट दिसणारे डोळे रात्री काळेभोर होतात. दिवसा त्या डोळ्यात एक काळा ठिपका दिसतो आणि आपण जिकडे सरकू तिकडे तो सरकतो. "डोळ्यात काहीतरी झालंय" म्हणून घाबरून विचारणारे पुष्कळ भेटतात. प्रार्थनाकीटकाचा मोठा डोळा असंख्य बारीक नळ्यांच्या जुडग्यासारखा असतो. त्यातल्या ज्या नळ्यांची तोंडं नेमकी आपल्याकडे असतात, त्या आपल्याकडून जाणारा उजेड गिळतात आणि काळ्या दिसतात. उसाची मोळी समोरून बघताना जसं फक्त आपल्यासमोरच्या पेरांच्या आत डोकावता येतं, तसंच हे. हा रोग नाही आणि जातीची खूणही नाही.

## वय किती, नर की मादी?

जात ठरवण्याआधी वय ठरवावं लागतं. पंख फक्त प्रौढाला असतात, तेही शेवटची कात टाकल्यावर. त्याआधी पाठीवर पंखांच्या कळ्या दिसतात, म्हणजे दोन बाजूंना चिकटलेली छोटी, जाडसर पानं. त्या फुगल्या की समजावं, पुढची कात शेवटची. काही जातींत मादीचे पंख प्रौढपणीही आखूडच राहतात, त्यामुळे पंख लहान दिसले म्हणून पिल्लू समजू नये.

पाळणारे लोक वय 'एल' या अक्षरानं सांगतात. एल-१ म्हणजे नुकतंच अंड्यातून आलेलं, एल-२ म्हणजे एकदा कात टाकलेलं, आणि असं पुढे. लहान वयात एकाच कुलातल्या वेगवेगळ्या जातींची पिल्लं एकमेकांसारखी दिसतात. बाळंतपणाच्या वॉर्डात सगळी बाळं सारखीच वाटतात ना, तसंच. म्हणून एल-२ च्या फोटोवरून कोणी छातीठोकपणे जात सांगितली तर जरा सबुरीनं घ्यावं.

नर-मादी ओळखायला पोटाची खालची बाजू बघायची. किड्याला हात लावायची गरज नाही. पारदर्शक डबीत ठेवा, डबी डोक्याच्या वर धरा आणि भिंगातून वर बघा. पोटावर आडव्या पट्ट्या दिसतात. मादीला सहा असतात आणि शेवटची मोठी असते, नराला आठ असतात आणि शेवटच्या पट्ट्या लहान होत जातात. चौथ्या-पाचव्या कातीतल्या पिल्लातही हे मोजता येतं. भाचीनं मोजून कळवलं: "आठ." म्हणजे नर.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. तुटलेला पाय पुढच्या कातीतून परत येतो, पण लहान आणि बारीक येतो. त्यामुळे एक पाय वेगळा दिसला तर ती जातीची खूण न मानता दुसऱ्या बाजूचा पाय बघावा.

## मान, मुकुट, मांड्या

आता बरणीतल्या काडीकडे. मी भाचीला चार फोटो मागितले: बरोबर वरून, बरोबर बाजूनं, चेहऱ्याचा समोरून, आणि पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचा. हेच चार फोटो कुठल्याही प्रार्थनाकीटकासाठी मागावेत, शेजारी एक मोजपट्टी ठेवून. लांबी डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत मोजायची, मिशा धरायच्या नाहीत.

चेहऱ्याच्या फोटोत दोन डोळ्यांच्या मधून वर गेलेला सरळ, टोकदार मुकुट होता. असा मुकुट आणि लांब मान म्हटलं की पहिला संशय जातो एम्प्युसिड या कुलावर. वाळक्या पानासारखा दिसणारा घोस्ट मँटिसही मुकुटवाला आहे, पण त्याचा मुकुट पिळवटलेल्या पानासारखा एका बाजूला झुकलेला असतो आणि त्याची मान आखूड, दोन्ही कडांना रुंद पसरलेली. इथे तसं काही नव्हतं.

मग वरून काढलेला फोटो. ज्याला आपण मान म्हणतो तो खरं तर छातीचा पहिला भाग. प्रार्थनाकीटकात तो लांबलेला असतो आणि त्याचा आकार हा ओळखीचा सगळ्यांत भरवशाचा पुरावा, कारण तो रंगासारखा उन्हापावसानं बदलत नाही. या किड्याची मान म्हणजे हुबेहूब उलथनं: लांब, बारीक दांडी आणि डोक्याच्या लगेच मागे चपटं, रुंद पातं. बाजूच्या फोटोत मागच्या चारही मांड्यांना गुडघ्याजवळ पानासारखी झालर दिसत होती. पोटाच्या कडांनाही तशीच.

याच कुलातले दुसरे उमेदवार एकेक करून बाजूला काढता येतात. भूमध्य समुद्राभोवती आढळणाऱ्या एम्प्युसाला मुकुट असतो, लांब मान असते, पण मानेवर उलथन्याचं पातं नसतं. तिचं पिल्लू पोट पाठीवर वळवून बसतं, शेपटी उगारलेल्या विंचवासारखं. पूर्व आफ्रिकेतला आयडोलोमँटिस अंगानं भरदार, मादी तेरा सेंटीमीटरपर्यंत जाणारी. त्याच्या पुढच्या पायांच्या दंडालाच, म्हणजे अंगाला जोडलेल्या लांब भागालाच, रुंद पदर असतात. ब्लेफॅरॉप्सिसची मान आखूड आणि ढालीसारखी. उरलं कोण? गॉन्जिलस. लांब मान आणि अंगाचा आकार बघून इंग्रजीत ज्याला व्हायोलिन मँटिस म्हणतात, तो.

आणि गॉन्जिलस हा आपल्याकडचा किडा! दक्षिण भारत आणि श्रीलंका हे त्याचं घर, महाराष्ट्रातही तो आढळतो. सासवडच्या पुढे एका माळावर, बोरीच्या झुडपावर मी तो पहिल्यांदा पाहिला त्याला बरीच वर्षं झाली. 'पाहिला' म्हणतो, पण अर्धा तास मी त्या झुडपासमोर पाण्याची बाटली उघडून बसलो होतो आणि मला तो दिसला नव्हता. वाऱ्याची झुळूक आली, पानं हलली, एक वाळकं पानही त्यांच्याबरोबर हललं. वारा थांबला तरी ते पान आणखी थोडा वेळ झुलत राहिलं. त्यावरून कळलं. तो डोलत होता, वाऱ्यात वाळकं पान डोलतं तसं, आणि थांबायला त्याला किंचित उशीर झाला होता. खाली वाकून बघितलं तर मानेच्या पात्याची खालची बाजू जांभळट-निळी होती, एखाद्या रानफुलासारखी. वरून वाळकं पान आणि खालून फूल. माशी फुलाकडे येते ती खालच्या बाजूनं.

भाचीला विचारलं, बरणीजवळ फुंकर घातली तर काय करतो? उत्तर आलं: "अय्या, डोलतोय!"

## फोनमधलं ॲप सांगतं की!

सांगतं, आणि पुष्कळदा बरोबर सांगतं. मीही वापरतो. पण ॲप कसं शिकतं ते समजून घ्यायला हवं. त्याला आधी ओळख पटलेले हजारो फोटो दाखवलेले असतात, आणि त्या फोटोंत जो किडा जास्त वेळा, ज्या अवस्थेत जास्त वेळा असतो, तो त्याला चांगला ओळखू येतो. प्रौढांचे फोटो भरपूर असतात, पिल्लांचे कमी. नेहमीच्या जातींचे भरपूर, दुर्मिळांचे कमी.

दुसरी गोष्ट जागेची. आयनॅचरलिस्टसारखं ॲप तुम्ही कुठे आहात हे बघून त्या भागात आढळणाऱ्या जाती आधी सुचवतं. जंगलात सापडलेल्या किड्यासाठी हे उत्तमच. पण पाळलेला प्राणी बरणीतून जगभर फिरतो. लाइपझिगमध्ये बसून विचारलं तर ॲपचा कल युरोपातल्या साध्या प्रार्थनाकीटकाकडे जाणार. तसंच झालं होतं, भाचीच्या फोनवर पहिलं नाव तेच आलं होतं.

त्या साध्या प्रार्थनाकीटकाची ओळख खरं तर सोपी आहे. पुढच्या पायाचा अंगाला जोडलेला लांब भाग, म्हणजे आपण ज्याला दंड म्हणू, त्याच्या आतल्या बाजूला काळा डाग असतो, पुष्कळदा मध्ये पांढरा टिपका असलेला. म्हणून तर तो चौथा फोटो मागायचा. आतल्या बाजूच्या खुणा मिटलेल्या पायात लपलेल्या असतात, त्यामुळे हौशी फोटोंत त्या क्वचितच येतात. भाचीच्या किड्याच्या दंडावर असा डाग नव्हता आणि हे कळणं तिच्यासाठी महत्त्वाचं होतं. जर्मनीत हा स्थानिक प्रार्थनाकीटक कायद्यानं संरक्षित आहे, तो पकडून घरात ठेवता येत नाही.

ॲपवर फोटो टाकणार असाल तर 'पाळीव' अशी नोंद जरूर करा. नाहीतर उद्या कोणी नकाशा बघेल आणि दख्खनच्या माळावरचा किडा लाइपझिगच्या सॅक्सनी प्रांतात रानोमाळ फिरतो असं समजेल.

## मग फोटोवरून पक्कं नाव मिळतं का?

प्रजातीपर्यंत बहुतेक वेळा मिळतं. जातीपर्यंत नेहमी नाही. प्रार्थनाकीटकांच्या शास्त्रीय वर्गवारीत नराच्या जननेंद्रियाच्या रचनेला फार महत्त्व आहे. कुलुपात एकच किल्ली बसावी तशी ती रचना जातीनुसार वेगळी असते. आपल्या हिरव्या हिरोड्युलांच्या कितीतरी जाती बाहेरून इतक्या सारख्या असतात की ती रचना सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय अभ्यासकही नाव सांगत नाहीत. अशा वेळी 'हिरोड्युला, जात अनिश्चित' हे पूर्ण आणि प्रामाणिक उत्तर आहे. लोकांना ते अर्धवट वाटतं. मला वाटतं, चुकीचं पूर्ण नाव लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण चुकीचं नाव पुढच्या दहा जणांपर्यंत पोचतं.

गॉन्जिलसमध्येही दोन जाती आहेत: गॉन्जिलोडिस आणि ट्रॅकेलोफायलस. पाळणाऱ्यांकडे फिरणारी ती गॉन्जिलोडिस.

जिवंत किड्याला त्रास न देता पुरावा जमवायचा सोपा मार्ग म्हणजे त्याची कात. टाकलेल्या कातीत काटे, झालरी, मुकुट, मानेचा आकार सगळं जसंच्या तसं राहतं, फक्त रंग जातो. म्हणजे जो नको तोच पुरावा जातो! काळ्या कागदावर कात ठेवून भिंगाखाली बघा. मांडीवरचे काटे मोजता येतात, लांब-आखूड काट्यांचा क्रम दिसतो. मे महिन्यात भाचीनं अशीच एक कात काळ्या पुठ्ठ्यावर ठेवून फोटो पाठवला. उजेड आरपार गेल्यामुळे उलथन्याचं पातं पिंपळाच्या जाळीदार पानासारखं दिसत होतं. पाळलेला किडा वारला तर तोही सुकवून, तारीख आणि कुठून आला ते लिहून जपून ठेवावा. पुढे कोणा अभ्यासकाकडे किंवा आकुर्डीला असलेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात दाखवायचा झाला तर तारीख आणि जागा नसलेला नमुना फारसा उपयोगी पडत नाही.

## नाव कळलं, पुढे काय?

भाचीच्या बरणीत काय चाललं होतं ते बघा. ओला भुसा, रोज फवारलेलं पाणी, तळाशी रातकिडे, आणि जर्मनीतला एप्रिल. ऑर्किड मँटिसला यातली ओल मानवली असती. गॉन्जिलस मात्र कोरड्या, तापलेल्या माळावरचा. त्याला दिवसा तिशीच्या वर तापमान लागतं, हवा खेळती आणि कोरडी लागते, पाणी एखाद-दुसऱ्या फवाऱ्यापुरतं. आणि मुख्य म्हणजे तो फांदीला उलटा लटकून उडती शिकार धरतो. जमिनीवरून चालणारा रातकिडा त्याच्या हिशेबात जवळजवळ नसतोच. दोन रातकिडे त्याच्या खाली तीन दिवस फिरत होते आणि वर तो उपाशी लटकत होता.

त्याच संध्याकाळी तिनं भुसा काढला, किड्याला चहूबाजूंनी जाळी असलेल्या उंच पिंजऱ्यात हलवलं, वर दिवा लावला. गळ टाकणाऱ्यांच्या दुकानातून माश्यांचे कोष आणले, ते उबवून माश्या सोडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो आला: अडकित्त्यात माशी आणि तिचं डोकं आधीच संपलेलं.

उंचीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण पाळलेले प्रार्थनाकीटक सर्वांत जास्त दगावतात ते कात टाकतानाच. कात टाकताना किडा छताला उलटा लटकतो आणि जुन्या कातडीतून स्वतःच्या वजनानं खाली सरकत बाहेर येतो. ओला स्वेटर डोक्यावरून काढतो तसं. खाली जागा कमी पडली, किंवा छताला पकड मिळाली नाही आणि तो पडला, तर मऊ असलेले पाय वाकडेच वाळतात आणि मग शिकार धरता येत नाही. म्हणून किड्याच्या लांबीच्या निदान तिप्पट उंची हवी. गॉन्जिलस प्रौढपणी नऊ-दहा सेंटीमीटर होतो. बरणीत ते बसणार कसं? नाव माहीत असतं तर शेवटी केवढी जागा लागणार हे पहिल्या दिवशीच कळलं असतं. कातीच्या आधी दोन-चार दिवस तो खाणं सोडतो. तेव्हा जबरदस्ती करू नये आणि पिंजऱ्यात जिवंत शिकारही ठेवू नये, कारण रातकिडे मऊ पडलेल्या किड्याला कुरतडतात.

## कंटाळा आला तर बागेत सोडून दिला, काय बिघडतं?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो, कारण विचारणाऱ्याच्या मनात दया असते. न्यूझीलंडचं उदाहरण घ्या. तिथला स्थानिक प्रार्थनाकीटक म्हणजे ऑर्थोडेरा, छोटा, हिरवा. १९७८ साली ऑकलंडमध्ये दक्षिण आफ्रिकेतला मायोमँटिस दिसला. आफ्रिकन मादीचा गंध स्थानिक नरांना आपल्या मादीच्या गंधापेक्षाही जास्त ओढतो. नर जातात आणि ती त्यांना खाते. संतती तर होत नाहीच, पण स्थानिक नर कमी होत जातात. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ १८९६ मध्ये चिनी प्रार्थनाकीटक पोचला, पुढे त्याच्या अंड्यांच्या डब्या बागांसाठी विकल्या गेल्या. आज तो तिथे दूरवर पसरला आहे आणि फुलांवर येणाऱ्या लहानग्या हमिंगबर्डलाही पकडताना दिसतो.

एका डबीतून कितीतरी डझन, काही जातींत शंभराच्या वर पिल्लं निघतात. तेव्हा बाहेरून आलेला किडा सोडायचा नाही, त्याची डबीही उकिरड्यावर टाकायची नाही. याच्या उलट आपल्याच अंगणात सापडलेला असेल तर चार दिवस बघून, फोटो काढून, जिथे सापडला तिथेच परत सोडावा. पण त्यासाठीही तो इथलाच आहे हे ओळखता यायला हवं.

## आपल्या माळावरून एखादा उचलून आणला तर?

घरच्या बागेतला किडा मुलांनी दोन दिवस बरणीत ठेवणं वेगळं आणि गोळा करून पाठवणं, विकणं वेगळं. राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात तर काहीच उचलायचं नाही. २००८ साली दार्जिलिंगजवळच्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय किडे गोळा केल्याबद्दल दोन चेक अभ्यासकांना अटक झाली होती. देशाबाहेर जैविक नमुने नेण्यावर २००२ च्या जैवविविधता कायद्याचीही बंधनं आहेत. त्यामुळे भाचीनं मला विचारलं, "मामा, तिकडून एक मादी पाठवशील का, जोडी होईल?" तेव्हा मी नाही म्हटलं. युरोपात पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढवलेले गॉन्जिलस मिळतात, तिनं तिथेच चौकशी करावी.

ऑगस्टच्या मध्यावर तिनं पहाटे फोटो पाठवला. किडा पिंजऱ्याच्या छताला लटकलेला, त्याच्याखाली रिकामी कात, आणि पाठीवर नुकतेच उलगडलेले, अजून दुधी आणि ओले पंख. मिशा आता साध्या दोऱ्यासारख्या राहिल्या नव्हत्या. दोन्ही बाजूंना दात असलेल्या बारीक फणीसारख्या, पिसासारख्या झाल्या होत्या. या कुलातल्या प्रौढ नराच्या मिशा अशाच असतात. पिंजऱ्याच्या दारावर तिनं नवी चिठ्ठी लावली होती आणि या वेळी शाई उतरू नये म्हणून वरून सेलोटेप चिकटवला होता: "गॉन्जिलस गॉन्जिलोडिस. नर. कोरडं, गरम. फक्त माश्या."

बरण्या दुसऱ्याच्या हाती देताना लोक अशी चिठ्ठी लावतील तर फार बरं होईल, असं मी तिला लिहिलं. तिनं उत्तरादाखल एक व्हिडिओ पाठवला. त्यात कोणीतरी पिंजऱ्यावर हळूच फुंकर घालत होतं आणि तो डोलत होता.